व्यसनमुक्तीच्या वाटेवरील टप्पे

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका हा सह्याद्रीच्या माथ्यावरील घनदाट अरण्याचा प्रदेश होय. पूर्वी हा तालुका सुपा या नावाने ओळखला जात असे. काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात सुपा गाव बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले आणि विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे रामनगर येथे वसली. तालुक्याचा मोठा भाग आज काळी व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येतो. कुणबी, गवळी, सिद्दी आदी समाजांच्या वस्त्या रानात विखुरलेल्या आहेत. घरात कोकणी वा मराठी, बाजारात व कचेरीत कन्नड आणि कामानिमित्त गोव्याशी नित्य संबंध, असे येथील जनजीवनाचे स्वरूप आहे.

अशा प्रदेशात आजारपण आले की रोगापेक्षा अंतराचीच चिंता अधिक वाटते. पावसाळ्यात आतील वस्तीपासून मोटारीच्या रस्त्यापर्यंत पोहोचणे हेच एक काम असते. साप चावला किंवा बाळंतीण अडली तर सारी वस्ती धावून येते. पण घरातील कर्ता पुरुष दारूच्या आहारी गेला, किंवा कामासाठी परगावी गेलेला मुलगा गांजा वा अन्य मादक पदार्थांची सवय घेऊन परतला, तर त्या संकटाला कोणी आजार म्हणत नाही. त्याला दोष म्हणतात, घराण्याचे दुर्दैव म्हणतात आणि शक्य तितके दिवस झाकून ठेवतात.

शेवटी एक दिवस उपचाराचा विचार होतो. तेव्हाही बहुतेक कुटुंबांची कल्पना एकच असते, ती म्हणजे माणसाला कोठेतरी नेऊन ‘भरती’ करावे आणि तो बरा होऊन परत यावा. प्रत्यक्षात व्यसनमुक्तीचे उपचार एका प्रकारचे नसतात. शरीरातील विष उतरविणारा उपचार वेगळा, मनाची घडण बदलणारा वेगळा आणि घरी परतलेल्या माणसाला वर्षानुवर्षे सावरून धरणारा वेगळा. कोणता उपचार कशासाठी आहे हे ठाऊक नसल्यामुळे पैसा खर्च होतो, आशा विझते आणि ‘याला औषधच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. म्हणूनच या उपचारांचे प्रकार आणि त्यांचा परस्परसंबंध समजून घेणे अगत्याचे आहे.

व्यसन हा आजार कसा?

मद्य, अफू व तिच्यापासून होणारे पदार्थ, गांजा, तंबाखू, तसेच झोपेच्या व वेदनाशामक औषधांपैकी काही गोळ्या यांचा मेंदूवर विशिष्ट परिणाम होतो. सुखाची व समाधानाची जाणीव निर्माण करणाऱ्या मेंदूतील यंत्रणेला हे पदार्थ कृत्रिमरीत्या उत्तेजित करतात. वारंवार सेवनाने मेंदू त्या उत्तेजनाला सरावतो. पूर्वी जितक्या मात्रेने गुंगी येत असे तितकी मात्रा पुरेनाशी होते आणि पदार्थ मिळाला नाही तर शरीर बंड करून उठते. या अवस्थेस व्यसनाधीनता म्हणतात. तिच्यात इच्छाशक्तीचा भाग असतोच. परंतु तो सर्वस्वी इच्छाशक्तीचा प्रश्न राहिलेला नसतो.

मधुमेह किंवा रक्तदाब यांप्रमाणे हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. मधुमेही माणसाची साखर एकदा आटोक्यात आली म्हणून कोणी पथ्य सोडत नाही आणि पुन्हा वाढली म्हणून कोणी त्याला घराबाहेरही काढत नाही. हाच न्याय व्यसनी माणसास लावावयास हवा.

या आजाराचा व्याप किती आहे, याची कल्पना केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या वतीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीवरून येते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीनुसार देशातील १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १४.६ टक्के लोक मद्यसेवन करीत होते. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ व्यक्तींमागे केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार मिळाल्याचे आढळले. उरलेल्या ३७ जणांचा भार त्यांच्या कुटुंबांनी एकट्याने वाहिला, असा या आकड्याचा अर्थ आहे.

पहिला टप्पा : शरीरातील विष उतरविणे

देवापुढे नारळ ठेवून दारू सोडण्याची शपथ घेण्याचा प्रघात या भागात जुना आहे. घाटावर वारकरी पंथाची तुळशीची माळ गळ्यात घालून मद्य वर्ज्य केलेली माणसे गावोगाव भेटतात. या श्रद्धेचे सामर्थ्य मोठे आहे आणि त्याची अवहेलना करण्याचे कारण नाही. परंतु कित्येक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने शपथ घेऊन त्याच दिवशी दारू एकाएकी बंद केली, तर त्याच्या जीवाला धोका उत्पन्न होऊ शकतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

अशा माणसाला शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हाताला कंप सुटतो, घाम येतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना आकडीसारखे झटके येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना नसलेली माणसे दिसू लागतात, नसलेले आवाज ऐकू येतात, दिवसरात्रीचे भान हरपते आणि तापासह अंग थरथरू लागते. याला भुताटकी किंवा बाहेरची बाधा समजून माणसाला खोलीत कोंडण्याचे प्रकार घडतात. वस्तुतः ही वैद्यकीय आणीबाणी होय. वेळीच उपचार न झाल्यास तीतून मृत्यूही ओढवू शकतो.

यावरचा उपचार मात्र ज्ञात आणि परिणामकारक आहे. डॉक्टर डायझेपामसारख्या गटातील औषधे ठरावीक मात्रेत देतात आणि काही दिवसांत ती हळूहळू कमी करीत थांबवितात. या औषधांचीही सवय लागू शकते. म्हणून ती स्वतःच्या मनाने विकत आणून घेऊ नयेत. त्याचबरोबर थायमिन, म्हणजे ‘ब-१’ जीवनसत्त्व, दिले जाते. अतिमद्यपानाने त्याची शरीरात उणीव झालेली असते आणि ती भरून न काढल्यास मेंदूला कायमची इजा पोहोचू शकते.

हा टप्पा सामान्यतः आठवडा-दहा दिवसांचा असतो. ज्याला पूर्वी झटके आलेले आहेत, ज्याचे यकृत बिघडले आहे, जो वयस्क आहे किंवा भ्रमिष्टासारखे वागू लागला आहे, त्याला रुग्णालयात दाखल करूनच हा उपचार व्हावा. ज्याचे सेवन बेताचे आहे आणि घरी लक्ष ठेवणारे कोणी आहे, त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी राहूनही तो घेता येतो.

गर्द किंवा ब्राउन शुगर यांसारख्या अफूजन्य पदार्थांचे स्वरूप निराळे असते. ते बंद केल्यावर अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब होतात. व्यसनींच्या बोलीत याला ‘टर्की’ म्हणतात. हा त्रास असह्य असला तरी सहसा प्राणघातक नसतो. धोका पुढे असतो. काही आठवडे पदार्थ बंद राहिला की शरीराची सहनशक्ती उतरते. मग पुन्हा घसरलेल्या माणसाने जुनीच मात्रा घेतली तर श्वास मंदावून तो दगावू शकतो.

या पहिल्या टप्प्यानंतर माणूस टवटवीत दिसतो, भूक लागते, तो घरच्यांशी नीट बोलू लागतो. कुटुंबाची फसगत होते ती येथेच. शरीर स्वच्छ झाले म्हणजे व्यसन गेले, असे समजून त्याला घरी आणले जाते आणि पुढचा उपचार सुटतो. घर झाडून घेतले तरी छप्पर गळते राहिले, तर पहिल्या पावसात पुन्हा चिखल व्हायचाच.

दुसरा टप्पा : निवासी केंद्र

शरीर सावरल्यानंतर मनाकडे वळावे लागते. माणूस का पितो, कोणत्या प्रसंगी पितो, कोणाच्या संगतीत पितो, पिण्याचे समर्थन स्वतःशी कसे करतो, याचा छडा लावणे हे निवासी व्यसनमुक्ती केंद्राचे मुख्य कार्य होय.

महाराष्ट्रात या कार्याचे ठळक उदाहरण म्हणजे पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी लिहिलेल्या लेखांनी १९८० नंतरच्या दशकात महाराष्ट्र हादरला. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे आर्थिक साहाय्य देऊ केले आणि मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा येथे हे केंद्र सुरू झाले. केंद्रातून बाहेर पडून व्यसनमुक्त राहिलेले अनेक जण पुढे तेथेच कार्यकर्ते झाले. नव्याने दाखल झालेल्या रुग्णाला ‘मीही याच खाटेवर होतो’ असे सांगणारा माणूस भेटतो, तेव्हा त्याचा जो परिणाम होतो तो केवळ उपदेशाने होत नाही.

अशा केंद्रांतील दिनक्रम नियमबद्ध असतो. पहाटे उठणे, प्रार्थना, योगासने, स्वतःचे काम स्वतः करणे, गटचर्चा, समुपदेशकाशी एकान्तात बोलणे, खेळ, वाचन अशी त्याची आखणी असते. वर्षानुवर्षे ज्याच्या दिवसाला आकारच उरलेला नसतो, त्याच्या दृष्टीने ठरलेल्या वेळी जेवणे आणि झोपणे हाही उपचारच ठरतो. निवासाचा काळ संस्थेगणिक वेगळा असतो. सामान्यतः तो काही आठवड्यांचा असतो. काही ठिकाणी, गरज असल्यास, काही महिन्यांचाही असतो.

मुंबईत १९८१ साली फादर जो परेरा यांनी सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनने या पद्धतीस योगाभ्यासाची जोड दिली. चेन्नई येथे शांती रंगनाथन यांनी १९८० साली स्थापन केलेल्या संस्थेने रुग्णासमवेत त्याच्या कुटुंबावरही उपचार व्हावयास हवेत, हा विचार दृढ केला. मुक्तांगणातही रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालविला जातो. वर्षानुवर्षे भीती, लाज आणि कर्ज यांखाली दबलेल्या स्त्रीला तेथे प्रथमच मोकळेपणाने बोलता येते आणि नवऱ्याच्या पिण्याला आपण जबाबदार नाही, हे उमगते.

तिसरा प्रकार : बाह्यरुग्ण उपचार

प्रत्येक व्यसनी माणसाला निवासी केंद्राची आवश्यकता असतेच असे नाही. ज्याचे काम टिकून आहे, घर सांभाळून आहे आणि व्यसन अद्याप पराकोटीला गेलेले नाही, त्याला ठरावीक दिवशी रुग्णालयात येऊन तपासणी, समुपदेशन आणि औषधे घेता येतात. शेती किंवा रोजंदारी सोडून महिनाभर बाहेर राहणे ज्याला परवडत नाही, त्याला हा मार्ग सोयीचा असतो. रोज न पिणाऱ्या, पण पिण्यापायी घरात भांडणे होऊ लागलेल्या माणसाला तर गावच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी दहा-पंधरा मिनिटे समजुतीने व स्पष्टपणे बोलण्याचाही लाभ होतो, असा जगभरचा अनुभव आहे. व्यसन जितके कोवळे, तितका उपचार सोपा.

पिण्याची ओढ कमी करणारी काही औषधे आज उपलब्ध आहेत. नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही त्यांपैकी होत. डायसल्फिराम हे औषध निराळ्या रीतीने कार्य करते. ते घेणाऱ्याने दारू प्यायल्यास चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, उलट्या, रक्तदाब घसरणे असा तीव्र त्रास होतो आणि त्या धास्तीने तो पिण्यापासून दूर राहतो. हे औषध रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच द्यावयाचे असते. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून जेवणातून कोणतीही पूड वा गोळी देणे हे त्याच्या जिवाशी खेळणे होय.

अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन यांसारखी पर्यायी औषधे दीर्घकाळ दिली जातात. ‘एक नशा सोडून दुसरी लावली’ असा आक्षेप यावर घेतला जातो. परंतु तो बरोबर नाही. वैद्यकीय देखरेखीखाली ठरलेल्या मात्रेत मिळणाऱ्या या औषधाने माणसाची तगमग थांबते, सुई टोचून घेण्यामुळे होणाऱ्या रोगांचा धोका घटतो आणि तो कामधंद्यास लागू शकतो. तंबाखू सोडण्यासाठीही औषधे व समुपदेशन यांचे साहाय्य मिळते. गांजावर असे खास औषध नाही. तेथे समुपदेशन आणि संगत बदलणे यांवरच मुख्य भर द्यावा लागतो.

चौथा प्रकार : गावातील शिबिर

जोयड्यासारख्या दुर्गम भागाच्या दृष्टीने ही पद्धत विशेष विचारात घेण्याजोगी आहे. रुग्णाला शहरात नेण्याऐवजी उपचारच गावात आणणे, हे तिचे सूत्र आहे. चेन्नईच्या वर उल्लेखिलेल्या संस्थेने तामिळनाडूतील मंजक्कुडी या खेड्यात १९८९ पासून अशी शिबिरे घेतली. गावातील मोठ्या वास्तूत डॉक्टर, परिचारिका व समुपदेशक मुक्काम करतात, गावकरी जेवणाची व्यवस्था पाहतात आणि पंधराएक दिवस रुग्णांवर उपचार होतात.

कर्नाटकात श्रीक्षेत्र धर्मस्थळ ग्रामाभिवृद्धी योजनेच्या प्रेरणेने चालणाऱ्या जनजागृती वेदिकेची मद्यवर्जन शिबिरे सर्वज्ञात आहेत. साधारणपणे आठ दिवसांच्या या शिबिरांत व्यायाम, भजन, व्याख्याने, समुपदेशन आणि वैद्यकीय तपासणी यांचा मेळ घातलेला असतो. शिबिर संपले की त्यातून बाहेर पडलेल्यांच्या ‘नवजीवन समित्या’ बनविल्या जातात आणि ते सदस्य नियमाने एकत्र येत राहतात. शिबिराचे खरे बळ या समित्यांतच आहे. एकाच गावचे दहा जण एकाच वेळी दारू सोडतात, तेव्हा सोडणाऱ्याला कोणी हसत नाही आणि पिणाऱ्याची बैठक आपोआप मोडते.

शिबिराला मर्यादाही आहेत. ज्याला झटक्यांचा पूर्वेतिहास आहे किंवा ज्याला गंभीर शारीरिक वा मानसिक आजार आहे, त्याला प्रथम रुग्णालयातच नेले पाहिजे.

पाचवा प्रकार : स्वमदत गट

अमेरिकेतील अ‍ॅक्रन या शहरी १९३५ साली बिल विल्सन हा दलाल आणि बॉब स्मिथ हा शल्यविशारद, असे दोन मद्यासक्त गृहस्थ एकमेकांना भेटले. दुसऱ्या मद्यासक्ताशी बोलत राहिले असता स्वतःची ओढ आवरता येते, असा अनुभव त्यांना आला. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. ‘एए’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. तिला वर्गणी नाही आणि नोंदणीपुस्तकही नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. सभेत कोणी आडनाव विचारीत नाही. ‘आजचा दिवस प्यावयाची नाही’ एवढाच संकल्प रोज करावयाचा, ही तिची शिकवण. अन्य मादक पदार्थांच्या व्यसनींसाठी ‘नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस’ आणि मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ या तशाच चळवळी आहेत.

डॉक्टरांचे औषध काही महिन्यांनी थांबते, केंद्रातील मुक्काम काही आठवड्यांनी संपतो. परंतु असा गट वर्षानुवर्षे सोबत करू शकतो. जेथे गट नाही तेथे दोन व्यसनमुक्त माणसांनी आठवड्यातून एकदा बाजाराच्या दिवशी भेटायचे ठरविले, तरी गटाची सुरुवात झाली असे समजावे.

शासकीय साहाय्य व कायद्याचे संरक्षण

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानातून स्वयंसेवी संस्थांची एकात्मिक पुनर्वसन केंद्रे देशभर चालविली जातात. मंत्रालयाने १५ ऑगस्ट २०२० रोजी ‘नशामुक्त भारत अभियान’ सुरू केले. व्यसनमुक्तीसंबंधी सल्ला व जवळच्या केंद्राची माहिती देणारा १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू झाली असून तिचा क्रमांक १४४१६ असा आहे. ज्याला घरचा उंबरठा ओलांडण्याचा संकोच वाटतो, त्याने निदान दूरध्वनीवरून पहिला शब्द उच्चारावा.

धारवाड येथील शासकीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, कारवारच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि गोव्यात बांबोळी येथील मानसोपचार संस्था ही जोयडा परिसरातील रुग्णांना जवळची अशी मोठी शासकीय ठिकाणे होत. कर्नाटकाच्या ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमात तालुका रुग्णालयांतून ठरावीक दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची सेवा देण्याची योजना आहे. तो दिवस कोणता, याची चौकशी तालुका रुग्णालयात अवश्य करावी.

उपचारास गेल्यास पोलीस पकडतील, या भीतीने मादक पदार्थांच्या आहारी गेलेली मुले लपून राहतात. या संदर्भात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ६४-अ ची माहिती सर्वांना असावयास हवी. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने शासनमान्य ठिकाणी उपचार घेण्यास पुढे आला, तर या कलमान्वये त्याच्यावर खटला चालविला जात नाही. मात्र उपचार पूर्ण करणे त्याला बंधनकारक असते.

मद्य व मादक पदार्थांशी निगडित मनोविकारांचा समावेश २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात करण्यात आला आहे. त्यानुसार रुग्णाला सन्मानाने वागविले जाण्याचा हक्क आहे. त्याला साखळीने बांधणे, सक्तीने मुंडन करणे किंवा मोबदल्याविना राबवून घेणे या गोष्टी कायद्यास मान्य नाहीत. केंद्र निवडताना कुटुंबाने पुढील गोष्टी पडताळून पाहाव्यात. केंद्राची शासनाकडे नोंदणी आहे काय? डॉक्टर नियमित येतात काय? कुटुंबीयांना भेटू व बोलू देतात काय? खर्च किती, हे आधी लेखी देतात काय? आणि घरी गेल्यावर पाठपुरावा कसा करणार, हे सांगतात काय? जे केंद्र ‘शंभर टक्के खात्री’ देते आणि भेटीस मज्जाव करते, तेथून पाऊल मागे घेणेच शहाणपणाचे.

परतीनंतरचे वर्ष

समजा, आतल्या वस्तीवरील एक गृहस्थ महिनाभर शहरातील केंद्रात राहून पावसाळ्याच्या तोंडावर घरी परतला. दोन महिने बरे गेले. चवथीला गोव्याहून पाहुणे आले, जुने सोबती जमले, ‘एवढ्याने काय होते’ असा आग्रह झाला आणि तो घसरला. दुसऱ्या दिवशी घरातील सर्वांनी एकमुखाने म्हटले की पैसे पाण्यात गेले. तोही मनाशी तेच म्हणाला आणि पुन्हा पूर्ववत पिऊ लागला.

या कथेत उपचार फसला असे म्हणता येणार नाही. तो अर्ध्यावर सोडला गेला. घसरण हा या आजाराच्या वाटेवरील ज्ञात धोका आहे. पहिल्या वर्षात तो विशेष असतो. पहिल्याच दिवशी केंद्राला दूरध्वनी केला असता, डॉक्टरांकडे पुन्हा नेले असता किंवा नवजीवन समितीच्या सोबत्याला बोलावून घेतले असता, तो एक दिवसाचा अपघात एक दिवसाचाच राहिला असता. म्हणून घरी परततानाच पुढील वर्षाची आखणी करावी. भेटीची तारीख कोणती, औषध कोण देणार, सण-लग्नकार्यात सोबत कोण राहणार, हातातील पैसा कोण सांभाळणार आणि ओढ अनावर झाल्यास प्रथम कोणाला सांगावयाचे, या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून ठेवणे उपयुक्त ठरते.

पुनर्वसन या शब्दाचा खरा अर्थ येथेच कळतो. धरणाने घर गेलेल्या कुटुंबाला जमिनीचा तुकडा दाखविला म्हणजे त्याचे पुनर्वसन झाले असे होत नाही. त्याला शेजार, पाणी, शाळा आणि काम मिळावे लागते. व्यसनातून उठलेल्या माणसाचेही तसेच आहे. त्याला काम मिळाले पाहिजे, बैठकीत जागा मिळाली पाहिजे आणि जुन्या नावाने हाक मारणे गावाने बंद केले पाहिजे. ग्रामपंचायत, महिलांचे बचत गट, आशा कार्यकर्त्या, शिक्षक आणि देवस्थानाचे मानकरी यांना या कामी पुष्कळ करता येण्याजोगे आहे. शपथ देवळात घेतली असेल, तर ती पाळणाऱ्याची विचारपूस करण्याचे कामही देवळात जमणाऱ्यांनी पत्करावे.

जोयड्याच्या माणसाला वाट नवी नाही. रानातून रस्त्यापर्यंत, रस्त्यापासून बाजारापर्यंत तो रोजच चालतो आणि कोठे थांबावयाचे, कोणाची सोबत घ्यावयाची, हे त्याला ठाऊक असते. व्यसनमुक्तीची वाटही अशीच टप्प्याटप्प्याने चालावयाची आहे. प्रथम डॉक्टर, मग केंद्र किंवा शिबिर आणि त्यानंतर दीर्घकाळ औषध, गट, घर व गाव यांची सोबत, हा क्रम ध्यानी ठेवून ज्या घरात हे दुःख आहे त्या घराने ते आता झाकून न ठेवता तालुका रुग्णालयातील डॉक्टरांना किंवा निदान आशाताईंना सांगावे. उपचाराची सुरुवात त्या सांगण्यातूनच होत असते.